झाडलेली राई

दुसऱ्याच्या घरात शिरल्याबरोबर जी बाई माणसांच्या तोंडाकडे बघण्याआधी घराचे कोपरे बघते, तिला सोनुबाई माणसांत धरत नसे. आणि तिची विहीण जया नेमकी त्याच वाणाची निघाली होती. शिळफाट्याला जयाच्या नवऱ्याचं लाद्यांचं दुकान. जन्मभर गुळगुळीत लाद्यांत वावरून बाईच्या डोळ्यांना तीच सवय लागलेली. कुठे जरा खडबडीत, जरा काळं, जरा वाकडं दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. लेक दिलेल्या घरी ती पहिल्यांदा मुक्कामाला आली, तेव्हा चहाचा कप खाली ठेवून तिने सोनुबाईची लोखंडी कढई उचलली आणि तारेच्या घासणीने घासघासून लख्ख करून ठेवली. सासूच्या सासूपासून तेल पीत आलेली कढई ती. त्या दिवसापासून तिच्यात वडा सोडला की बुडाला धरून बसायचा.

“बघा, कशी नवीन झाली!” जया म्हणाली होती.

“झाली खरी. नवीनच पायजे असती तर कशेळ्याच्या बाजारात मिळत व्हती, ईनबाई.”

जया हसली. तिला ते कौतुक वाटलं. सोनुबाईला कढईपेक्षा राग आला तो त्या हसण्याचा. टोमणा लागायलासुद्धा आत काहीतरी असावं लागतं. लादीवर पाणी ओतलं तर ते वाहूनच जाणार.

दुसऱ्या खेपेला जयाने माजघरातली मडकी उंचीप्रमाणे लावली. तिसऱ्या खेपेला ओटीवरच्या कोनाड्यातली कोंडाजीची तंबाखूची डबी ‘वास येतो’ म्हणून न्हाणीपाशी नेऊन ठेवली. कोंडाजी म्हणजे सोनुबाईचा नवरा. तो डबी शोधत घरभर फिरला, पण विहीणबाईंना विचारायची काही त्याची छाती झाली नाही. “घरचं झालं थोडं आनि व्याह्यानं धाडलं घोडं,” असं सोनुबाई मागच्या दारी उभी राहून, पण पुढच्या दारी ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. घोड्याने ऐकलं नाही. घोडं तेव्हा मोरी घासत होतं.

सून हर्षलाबद्दल सोनुबाईने अजून काही ठरवलं नव्हतं. पोरगी कमी बोलायची, भाकरी बरी थापायची, आणि बाजाराच्या दिवशी कशेळ्याला गेली की भाजीवाल्या ठाकरणींशी गप्पा मारत बसायची, हे शेवटचं सोनुबाईला फारसं पसंत नव्हतं. बाकी अजून वेळ होता.

पण यंदा वेळ संपत आला होता. कशेळ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या त्या गावात त्यांच्या भावकीची गौर एकच. भादव्यात ओढ्यावरून तेरड्याची गौर डोक्यावर घेऊन यायची ती भावकीतल्या एकाच सुनेने, आणि ती ज्या घरची त्या घरात गौर बसायची. सोनुबाईकडे हा मान सासूच्या हातून आला, तो तिने दुसऱ्या कुणाच्या उंबऱ्याला जाऊ दिला नव्हता. आता गुडघे गेले. यंदाची खेप शेवटची, हे तिने स्वतःच चारचौघींत बोलून टाकलं होतं. पुढल्या वर्षी गौर आणणारी सून ओवसलेली हवी. म्हणजे नव्या नवरीने माहेरहून आलेली सुपं पानाफुलांनी, फळांनी भरून गौरीपुढे ओवाळायची, तो ओवसा तिचा झालेला हवा. आणि ओवसा काही दरसाल येत नाही. गौर पूर्वा नक्षत्रात येईल त्याच वर्षी. यंदा योग होता. यंदा हर्षलाचा ओवसा चुकला तर गौर सरळ जाणार होती जाऊ आवडीच्या घरी. आवडीची सून केव्हाच ओवसून बसली होती. आवडीने गौर बसवायच्या भिंतीला निळा रंगसुद्धा देऊन ठेवलाय, असं सोनुबाईच्या कानावर होतं. निळा! गौरीला!

ओवशाच्या सुपात बाकी काही कमीजास्त चालायचं. काकडी वाकडी असली म्हणून गौर रागवत नाही. पण त्यांच्या घरच्या सुपात शिरदोडीच्या फुलांचा घोस लागतो म्हणजे लागतो. तोही त्याच दिवशी वेलीवरून खुडलेला, आणि जमिनीवर उभं राहून हाताला येईल तेवढाच. आकडी लावायची नाही, वेल ओढायची नाही. वरची फुलं वेलीची. त्यांची बोंडं धरतात, थंडी सरताना ती फुटून कापसासारख्या म्हाताऱ्या उडतात आणि कुठे कुठे जाऊन रुजतात.

ही शिरदोडी घरामागच्या राईत होती. राई म्हणजे काही मोठं रान नव्हे. ऐनाची, किंजळीची थोडी झाडं, एक म्हातारा आंबा, खाली घोटा बुडेल इतका पाचोळा, आणि मधे करवंदीची अशी दाट जाळी की कोंबडी आत शिरली तर अंडी उबवूनच बाहेर यायची. त्या जाळीच्या पोटातून शिरदोडी निघायची. उन्हाळ्यात शोधायला जाल तर काडीसुद्धा दिसणार नाही. सगळी खाली मुळात जाऊन निजलेली. पाऊस स्थिरावला की कोंब वर यायचा, करवंदीच्या काट्यांतून गुराढोरांच्या तोंडापासून लपत चढायचा आणि श्रावणात जाळीच्या माथ्यावर येऊन पसरायचा. गुळवेलीसारखं पान, तोडलं की पांढरा चीक. फुलं जाड, मेणाची केल्यासारखी, बाहेरून पांढुरकी गुलाबी, आतून जांभळट लाल, आणि वास असा की भुंग्यांनी दुसरीकडचं काम सोडून यावं. पाय सावलीत आणि डोकं उन्हात. मोठ्या घरच्या बाईने असंच राहावं, असं सोनुबाईचं मत होतं: पाय कुणाला दिसू नयेत आणि डोकं कुणाच्या खाली असू नये.

परक्या माणसाला ती राई अडगळ वाटायची. सोनुबाईला त्याचं काही नव्हतं. अडगळ कुठली आणि संसार कुठला हे ज्याला कळत नाही, त्याने आपलं डांबरी रस्त्यानेच जावं.

गौरी तोंडावर आल्या तेव्हा सोनुबाई खालापूरला दिलेल्या लेकीला सणाचं बोलावणं करायला गेली आणि लेकीने राहवून घेतलं म्हणून दोन रात्री राहिली. परत आली ती कशेळ्यापर्यंत जीपने आणि पुढे पायी. गावात वळली आणि थबकली. तिच्या घराच्या मागे उजेड होता. दुपारची वेळ, उजेड सगळीकडेच होता. पण त्या बाजूला तो कधी नसे.

ती पुढच्या दाराने आत गेलीच नाही. तशीच वळसा घालून मागे गेली.

झाडं उभी होती. पण न्हाव्याच्या हाताखालून नुकत्याच सुटलेल्या पोरासारखी, उघडी आणि ओशाळलेली. पाचोळा नाही, झुडूप नाही, जाळी नाही. तांबडी माती खराट्याने रेघा ओढून झाडलेली. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला चुना मारलेले दगड गोल लावलेले. आणि मधोमध, जिथे करवंदीची जाळी होती तिथे, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. एकीवर जया. दुसरीवर जयाचा चहा.

“सरप्राइज!” जया म्हणाली. “सुपं घेऊन आले ती दोन दिवस आधीच आले. म्हटलं, ओवशाला एवढ्या बायका येणार, फोटो काढणार, आणि मागे हा केवढा कचरा! एखादा साप निघाला असता म्हणजे? त्या नदीकडच्या फार्महाऊसवरच्या माणसाला गवत कापायचं मशीन घेऊन बोलावलं. बघा कसं गार्डन झालं!”

सोनुबाईचा मुलगा साईनाथ आंब्याखाली पेट्रोलचा डबा हातात घेऊन उभा होता. आईला बघून त्याने तो पाठीमागे धरला. जणू डबा लपला की राई परत उगवणार होती.

“शिरदोडी कुटं हाय?” सोनुबाई म्हणाली.

“ती काय असते?”

“येल. हितल्या जाळीतली.”

“जाळीत तर सगळ्या वेलीच होत्या हो,” जया म्हणाली. “त्याच तर काढल्या.”

सोनुबाईने खाली बघितलं. करवंदीची कापलेली खुंटं मातीतून दातांसारखी वर आली होती. त्यांच्यात बोटाएवढं जाड एक खोड होतं, जमिनीसरसं छाटलेलं. त्याच्या तोंडाशी चीक वाळून पिवळा पडला होता.

“आई, मला वाटलं, काटेरीच हाय ते सगळं...” साईनाथ पुटपुटला.

“तुला वाटलं! दात आले तवापास्नं हिच्या फुलांची भाजी खातोस. ताटातली वळखतोस आनि रानातली वळखत नायस? ढोर बरं रं तुज्यापरीस. ढोर रानात तरी वळखतं.”

कापलेलं सगळं ओढ्याकाठी नेऊन टाकलं होतं. सोनुबाई तिथवर गेली. काट्यांच्या ढिगात हात घालून तिने वेल ओढून काढली. पानं काळी पडली होती, आणि फुलं होती तिथे नुसते देठ. गावच्या शेळ्यांनी आपला सण आधीच उरकून घेतला होता.

जया मागे येऊन उभी होती. “अहो, एवढंच ना? मी नर्सरीतून मागवते. जांभळी फुलं हवीत ना? ऑर्किड मागवते. आठ-आठ दिवस टिकतं.”

सोनुबाई वेल तिथेच ठेवून घराकडे वळली. फूल किती दिवस टिकतं याचीच जिला पडलेली, तिच्याशी देवाधर्माचं काय बोलायचं?

बातमी सांगायला कुणाला जावंच लागलं नाही, कारण आता आवडीच्या ओट्यावरून सगळं दिसतच होतं. संध्याकाळी ती पदर खोचून हजर झाली.

“अगं बया बया! केवढा उजेड पडला, जाऊबाई! आमच्या वट्यावर बसल्या बसल्या तुमची मोरी दिसाया लागली.”

“तुला कदी नव्हती दिसत व्हय? तुजं ध्यान सदा आमच्या मोरीतच.”

“आता सुपाचं काय करनार?” आवडीने आवाजात साखर घातली. “झेंडू घाला म्हन्ते मी. गौर काय कोप करनार नाय. नायच जमलं, तर मी हायेच की पुढल्या वरसाला. गौर काय कुटं लांब जातीय? दोन घरं सोडून.”

“जा गं,” सोनुबाई म्हणाली. “तुजी निळी भिंत वाळली का बघ.”

आवडी गेली, तेव्हा हर्षला न्हाणीपाशी भांडी घासत होती. दोन दिवस तिने मान वर केली नव्हती. जयाने राईत मशीन घातलं त्या वेळी ती दळण घेऊन कशेळ्याला गेलेली. परत आली तोवर जाळी आडवी झाली होती.

“आई,” ती हळूच म्हणाली, “मी बघू का कुठे मिळते ते?”

“तू काय बघशील? तुज्या मम्मीनं बघून ठेवलंय तेवढं पुरे हाय.”

हर्षलाने पुन्हा मान खाली घातली. सोनुबाईला बोलल्यावर वाटलं, जरा जास्त झालं. पण शब्द काही कढई नव्हे, परत घासून लख्ख करायला.

दुसऱ्या दिवशी सोनुबाईने गौर आणली. ओढ्याची चढण चढताना गुडघे कटकट वाजत होते, आणि मागून आवडीची सून अशी हलकी चालत होती की बघवत नव्हतं. गौर पाटावर बसली. सोनुबाईने तिच्याकडे बघितलं नाही. उद्या तिच्यापुढे सूप कुठल्या तोंडाने धरायचं, हेच डोक्यात.

जेवणं झाल्यावर कोंडाजी म्हणाला, “वाडीवरच्या ठकीला इचार. त्येंच्या रानात आसंल.”

“दुसऱ्याच्या रानातलं फूल? आपल्या राईतलं लागतं.”

“गौर रानातनं येती,” कोंडाजी म्हणाला. “तिला सातबारा वाचाय येत नाय.”

लग्न झाल्यापासून कोंडाजीने काढलेल्या शहाण्या वाक्यांतलं हे दुसरं. पहिलं सोनुबाईला आठवत नव्हतं. पण हे तिने ठेवून घेतलं.

ठकी वरच्या ठाकूरवाडीतली. कशेळ्याच्या बाजारात रानभाज्यांची पाटी घेऊन बसायची. सोनुबाई तिच्याकडून वर्षानुवर्षं घेत आली, पण उभ्याने. पाटीसमोर बसून बोलायचं म्हणजे बरोबरीचं झालं. आता तिच्या दारात जाऊन मागायचं, म्हणजे काय गिळायचं हे सोनुबाईचं सोनुबाईलाच माहीत.

ओवशाच्या दिवशी सकाळी ती निघाली तर दारात साईनाथची मोटारसायकल नाही.

“हर्षलाला घेऊन गेलाय,” जया म्हणाली. “सुपात घालायला पानं आणते म्हणाली. आणि मी येतेय तुमच्याबरोबर. माझ्याकडून झालंय ना, मीच निस्तरते.”

निस्तरते म्हणाली, पण तोंडावर भाव सहलीचा होता. डोक्याला टोपी, गळ्यात पाण्याची बाटली, एका हातात साईनाथचा कोयता आणि दुसऱ्या हातात नारिंगी रंगाचे रबरी हातमोजे. सोनुबाईने ती मूर्ती पायापासून टोपीपर्यंत बघून घेतली.

“कोयता कशाला?”

“काटे असतील ना. वाट करायला.”

“कोयता पडवीत ठेवा. नायतर तुमी पडवीत ऱ्हावा.”

कोयता राहिला. हातमोजे आले.

चढण लागली तशी जयाची बडबड कमी झाली, पण हात काही थांबले नाहीत. वाटेतल्या वेफर्सच्या पुड्या तिने उचलून पिशवीत घातल्या. ते बरं केलं, हे सोनुबाईने मनात कबूल केलं, मनातच. पण पुढे वाटेवर एक वेल लोंबत होती ती जयाने जाता जाता तोडायला धरली, तेव्हा सोनुबाईने फाटकन तिच्या हातावर चापट मारली.

“अहो, वाटेत येतेय ती!”

“तिच्या वाटंत तुमी येताय.”

वरचं रान अंगावर येणारं होतं. पडलेली खोडं तशीच कुजत पडलेली, त्यांच्यावर शेवाळ, शेवाळावर छत्र्या. पाचोळ्याखालून पाणी पाझरत होतं. चिल्हारीचे आकडे, करवंदीचे काटे, आणि त्यांच्यातून जिथे फट मिळेल तिथून वर निघालेलं काहीतरी हिरवं. ऊन खाली येत होतं ते चाळणीतून आल्यासारखं, कवडशा-कवडशाने. सोनुबाईला आपली राई आठवली आणि तिने पुढे बघितलं.

“इथे तर तुमच्याकडच्यापेक्षा जास्त कचरा आहे,” जया धापा टाकत म्हणाली.

“व्हय. म्हनून तर हितं यायला लागलं.”

वाडीच्या तोंडाशी ठकी दगडावर बसून कंद सोलत होती. या दोघींना बघून तिने सोलायचं थांबवलं आणि हसायला सुरुवात केली. मनापासून, सावकाश, काही घाई नसल्यासारखी.

“सोनुबाय! तुमची राई झाडली म्हन! मशीन लावून झाडली म्हन! आमची पोरां हसून हसून पडली गं.”

“हसून झालं का?” सोनुबाई म्हणाली.

“व्हतंय. थांबा वाईच.” ठकीने डोळे पुसले. “बोला.”

“शिरदोडी पायजे. येक घोस. ओवशाला.”

“मंग येका घोसाला किती बायका धाडता? सून येऊन गेली की तुमची.”

“कोन?”

“हर्षला. सकाळच्यालाच. नवरा गाडी घेऊन खाली डांबरीवर थांबला, ही येकटी वर आली. बाजारात माज्याशी बोलत बसती न्हवं, तवा मी सांगितलेलं, आमच्या वरल्या जाळीला शिरदोडी हाय म्हनून.” ठकीने कंदाच्या सालीसकट हात झटकला. “मी म्हनलं, कोयता घे, वाट कर. नको म्हनली. पोटावर सरपटत शिरली आत. फुलं सगळी वर. हात पुरंना. टाचा उचलून उचलून लय येळ हुबी ऱ्हायली. येल वढली असती तर पाटीभर आली असती. नाय वढली. शेवटाला येक घोस हाताला आला, तो खुडला आनि निघाली. मी म्हनलं, अगं आकडी देते, अजून घे. तर म्हनली, आमच्या आईंना कळलं तर मला घरात घ्यायच्या नाहीत.”

“बघा!” जया खूश होऊन म्हणाली. “एवढी मोठी झाली तरी मला घाबरते अजून.”

सोनुबाईने तिच्याकडे बघितलं. हर्षला जयाला जन्मापासून मम्मी म्हणत आली होती. हे जयाला समजावून सांगायची सोनुबाईला काही गरज वाटली नाही.

“बसा की,” ठकी म्हणाली. “बाजारात कदी बसत नाय. हितं तरी बसा.”

सोनुबाई बसली. गुडघ्यांमुळे बसली, असं कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. ठकीने पाणी दिलं, ते ती सगळं प्यायली. तेवढ्यात जया हातमोजे चढवून समोरच्या जाळीभोवती फिरायला लागली होती.

“हे खालचं थोडं साफ केलं ना, तर वेलीला हवा लागेल,” ती म्हणाली.

ठकीने आवाज खाली केला. “ही बाय कोन?”

“माजी ईन.”

“हीच ती?”

“हीच.”

ठकीने जयाला नीट बघून घेतलं, जत्रेत दोन डोक्यांचं वासरू बघावं तसं. मग ती पुन्हा कंद सोलायला लागली.

घरी आल्या तेव्हा हर्षला हिरवं लुगडं नेसून सुपं भरत बसली होती. पाच सुपं, पाच पानं, काकडी, केळी, हळदीत भिजवलेला दोरा. मधल्या सुपात शिरदोडीचा घोस होता. तळहातात मावेल एवढाच, पण ताजा. देठाशी चीक अजून ओला. हर्षलाच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते आणि हनुवटीला एक काटा अजून तसाच रुतलेला होता.

“अगं बाई, हे काय हात!” जयाने पर्समधून पावडरीची डबी काढली. “बायका बघतील. लावू दे जरा.”

“ऱ्हाऊ दे,” सोनुबाई म्हणाली.

“अहो पण फोटोत...”

“ऱ्हाऊ दे म्हनलं ना.”

तिने हर्षलाची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि नखाने काटा काढला. दुखलं असणार, पण पोरगी हलली नाही.

दिवस कलल्यावर भावकीतल्या बायका जमल्या. आवडी सगळ्यांत पुढे. ती गौरीकडे बघायच्या आधी सुपाकडे वाकली.

“आगो! मिळाली की. कुटनं आनलीस गं?”

“वाडीवरच्या रानातून, काकी,” हर्षला म्हणाली.

“म्हंजी तुमच्या राईतली नाय.” आवडीने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं आणि मागे वळून बायकांकडे बघितलं. हर्षलाच्या हातातलं सूप किंचित खाली आलं.

“गौर रानातनं येती, आवडे,” सोनुबाई म्हणाली. “तिला सातबारा वाचाय येत नाय.”

बाहेर ओटीवर कोंडाजीला मोठा खोकला आला. भावकीतली सगळ्यांत म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती, तिने डोकं हलवलं आणि म्हणाली, “बरूबर हाय. ओवस गं पोरी.” आवडीने उगाच समईची वात सारखी केली.

हर्षलाने सूप उचललं. गौरीपुढे ओवाळलं. एकेक करत पाचही झाली. बायकांनी गाणं धरलं, फेर सुरू झाला, आणि सोनुबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. गौर घरात राहिली होती. गुडघे दुखत होते, आणि आज पहिल्यांदा त्यांचं तिला काही वाटत नव्हतं.

फेर थांबल्यावर जया बायकांच्या मधे जाऊन बसली.

“शेवटी लेक कुणाची?” ती सांगत होती. “वळण माझं आहे. काम हातात घेतलं की तडीला न्यायचं, हे लहानपणापासून शिकवलंय मी. आणि आता सण झाला की ती मागची जागा मी पूर्ण करून देणार आहे. आमच्याच दुकानातले पेव्हर ब्लॉक टाकते. सगळीकडे. परत म्हणून कचरा उगवायचा नाही.”

सोनुबाई चौकटीपासून सुटून मधे आली. बायकांनी आपोआप वाट दिली. हर्षला सुपं उचलत होती, ती तशीच थांबली.

“ईनबाई,” सोनुबाई म्हणाली, “पोर तुमच्या वळनावर गेली असती तर वाडीवरची जाळी पन झाडून आली असती. तुमच्या घरात वाढली आनि तरी बिघडली नाय, हे मी तिचंच मानते, तुमचं नाय. तुमी करता ती सफाई नव्हं. आपल्याला वळखता येत नाय ते कापून टाकायचं, याला आमच्यात आंधळेपना म्हंतात, आनि आंधळ्या मानसाच्या हातात कुनी मशीन देत नाय. आमच्या साईनाथनं दिलं, त्याचं मी बगून घेईन. करवंदीची जाळी परत उठाया वरसं जातील. उठली तर तिच्या आडोशाला येल येईल, नायतर नाय येनार. तवर राईत तुमचा पाय पडायचा नाय, आनि लादी तर गावाच्या येशीतच अडवीन मी. लेकीकडं या, हक्कानं या, जेवा, गौरीच्या पाया पडा. पन पुढल्या वरसाला हर्षला गौर घेऊन ओढ्यावरनं येईल, तवा तुमी पुढं व्हऊन वाट झाडायची नाय. सगळ्या बायकांच्या मागनं चालायचं, आनि गप ऱ्हायचं.”